कापलेली हाक

देवचंद त्या दिवशी तापीकाठी गेला तो निव्वळ एक ॲम्प्लिफायर परत आणायला.

हिलालनानांनी गोष्ट इथून सुरू केली. धुळ्यात देवपूरला रात्री साडेनऊला लाइट गेली होती. गच्चीवर चटया पडल्या होत्या. खालच्या गल्लीतून नुकतीच एक वरात गेली होती आणि डीजेवर तेच गाणं होतं. खानदेशात लग्न आहे आणि ते गाणं वाजलं नाही, असं हल्ली होतच नाही. त्यांचा नातू योगेंद्र कठड्याला टेकून आवाज काढून गायला लागला, "फिरी येऽ वं रूपा, दिवा लायेल शे..." तशी नानांनी त्याच्या पायावर चापट मारली.

"म्हणू नको."

"का? बठ्ठा खानदेश म्हणस, नाना."

"सगळे म्हणतात, म्हणूनच तू म्हणू नको."

योगेंद्रची धाकटी बहीण कामिनी चटईवर उठून बसली. "पण नाना, ते प्रेमाचं गाणं आहे ना? दिवा लावलाय, परत ये, असं. ती रूपा त्या गायकाच्या कॉलेजात होती. त्यानंच सांगितलंय मुलाखतीत."

"त्यानं सांगितलं," नाना म्हणाले. "रूपाला कोणी विचारलं?"

नानांचा चाळीस वर्षं मांडव-स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता, आणि देवचंद त्यांच्याकडं वायरी जोडायला शिकलेला. म्हणजे ऐकीव नाही, समोरच्या माणसाची गोष्ट.

तर ॲम्प्लिफायर. २०१८ सालचा भाद्रपद होता. शिरपूरच्या अलीकडं तापीच्या काठावर एक गाव आहे. नाव नानांनी सांगितलं नाही. तिथल्या गणेश मंडळानं नानांकडून स्पीकर-ॲम्प्लिफायर नेला होता, पण गावात मयत झाली म्हणून तो बंदच ठेवला. एकोणीस वर्षांची मुलगी, रूपा. धुणं घेऊन नदीवर गेली आणि वरच्या धरणातून पाणी सुटलं. धुण्याची बादली सापडली. मुलगी सापडली नाही.

देवचंद पोचला तो नेमका दहाव्या दिवशी. घरं उघडी, माणसं नदीवर. सामान कोणाकडून घ्यायचं हे विचारायला तो काठावर गेला.

दिवस मावळत होता. रूपाची आई मंजुळाबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. काठावर एक पणती. बाकी सगळे गप्प. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं देवचंदला हळू आवाजात सांगितलं, की ज्याचं अंग सापडत नाही त्याला आमच्याकडं अशा तीन हाका देतात. पहिल्या दोन हाकांना जीव काठावर येतो. तिसरी हाक रजेची. ती मिळाली की तो मोकळा होतो.

"आणि तिसरी दिलीच नाही तर?" देवचंदनं विचारलं.

असं कोणी कधी विचारलंच नव्हतं.

मंजुळाबाईनं हाक दिली. "फिरी येऽऽ वं रूपाऽऽ, दिवा लायेल शेऽऽ..."

देवचंदच्या अंगावर काटा आला. भीतीनं नाही. आवाजानं. असला सूर त्यानं आयुष्यात ऐकला नव्हता. त्याचा हात खिशात गेला आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू झालं.

दुसरी हाक. तेच शब्द, पण आवाज वर चढलेला, टोकाला फाटलेला.

मग तिसरी. अगदी हळू. मांडीवरच्या मुलीशी बोलावं तशी. "आते जाय माय. तुले सोडी दिधं."

बाई पाण्यातून बाहेर आली. पणती विझवली. झालं.

देवचंदची तेव्हा रॉकची टोळी होती. म्हणजे तो आणि संघपाल. देवचंद इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, संघपाल ड्रम. नानांच्या गोडाऊनमागच्या खोलीत अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून त्यांनी स्टुडिओ केला होता. चार वर्षं हिंदीत गाणी केली. ऐकायला देवचंदचा चुलतभाऊ आणि संघपालची मावशी.

त्या रात्री देवचंदनं ते रेकॉर्डिंग लावलं, त्याखाली गिटारचा जड सूर धरला, आणि संघपालच्या हातातल्या काड्या थांबल्या.

"कोण आहे ही बाई?"

"हाक आहे रे. गावाकडची."

"कसली हाक?"

देवचंदनं सांगितलं. संघपालनं काड्या खाली ठेवल्या. "मी भूतबित मानत नाही, तुला माहीत आहे. पण ज्या बाईचं आहे तिला विचार तरी. तिची पोरगी गेलीये, देव्या."

"विचारू. आधी बनवून तर बघू."

बनवलं. नुसत्या पहिल्या दोन हाका घेतल्या आणि त्याच फिरवत ठेवल्या. मध्ये देवचंदचं गाणं, मग पुन्हा हाका, पुन्हा गिटार, पुन्हा हाका. गाण्यात बत्तीस वेळा. तिसरी हाक त्यानं घालून पाहिली होती. सगळा जोर उतरायचा. माणूस नाचता नाचता खाली बसेल असं व्हायचं. म्हणून त्यानं ती कापली.

विचारायला कोणी गेलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, नाना म्हणाले. २०१९च्या उन्हाळ्यात ते गाणं असं सुटलं, की फैजपूरला केळीच्या ट्रकमध्ये तेच, पाचोऱ्याला स्टेशनबाहेर रिक्षांत तेच, सुरतेला आपली माणसं लूमवर असतात तिथंही तेच. रिक्षांच्या मागं "फिरी ये" लिहिलेलं. शाळांच्या गॅदरिंगला सहावीच्या मुली त्यावर हातात पणत्या घेऊन नाचल्या. निवडणुकीच्या टेम्पोवर चाल तीच, उमेदवार वेगळा. डीजेवाल्यांनी गिटार निम्मी काढून ढोल घातला, पण हाका कोणी काढल्या नाहीत. लोक त्यांच्यासाठीच थांबायचे. दुसऱ्या हाकेला संगीत एकदम बंद पडतं आणि सगळी गर्दी एका आवाजात ओरडते. बायका, पोरं, नवरदेव, सगळे. रूपाला.

ही रूपा कोण, असं देवचंदला सगळे विचारायचे. एका मुलाखतीत तो म्हणून गेला, की कॉलेजातली होती, सोडून गेली. लोकांना ते आवडलं. मग त्याला तेच सांगत राहावं लागलं.

"मग रूपाच्या आईला कधी कळलं?" कामिनीनं विचारलं.

"तिच्या दारावरून वरात गेली तेव्हा."

खरं काय आहे ते आधी संघपालच्या लक्षात आलं. तो ड्रम सोडून वीज कंपनीत लागला होता. एका रात्री तो देवचंदच्या घरी आला आणि मोबाइल पुढं केला. लग्नाची व्हिडिओ शूटिंग, ड्रोनवरून घेतलेली. खाली दोन-तीनशे माणसं नाचतायत.

"दुसऱ्या हाकेनंतर बघ. स्पीकरकडं बघू नको. मागं बघ, गर्दीच्या टोकाला."

देवचंदनं बघितलं. दुसरी हाक झाली. गर्दीच्या टोकाला दोन माणसं जराशी बाजूला सरली. मग त्यांच्या पुढची दोन. मग पुढची. कोणी वळून बघितलं नाही, कोणी नाच थांबवला नाही. आपण बसमध्ये न बघताच कोणाला तरी वाट देतो, तशी. गर्दीत एक वाट पडत गेली. एका माणसाच्या रुंदीची. ती स्पीकरपर्यंत आली, आणि तिथं थांबली.

"योगायोग," देवचंद म्हणाला.

संघपालनं दुसरा व्हिडिओ लावला. चोपड्याचा. मग तिसरा, साक्रीचा. मग नऊ आणखी.

"मी अजूनही काही मानत नाही," संघपाल म्हणाला. "पण तू ते गाणं काढून टाक."

देवचंदनं काढलं नाही. नाना म्हणाले, त्याचं मन समजून घ्या. त्या गाण्यानंतर त्यानं सात गाणी केली. सातही पडली. कार्यक्रमाला बोलवायचे ते त्या एकाच गाण्यासाठी. स्टेजवर दुसरं काही सुरू केलं, की खालून लोक ओरडायचे, रूपा, रूपा. ते गाणं गेलं असतं, तर तो पुन्हा चुलतभावाला गाणी ऐकवणारा देवचंद झाला असता.

तर २०२४ सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, शुक्रवारी होती. दहा मे. आपल्याकडं आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघरी वारलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. लग्नंही त्याच दिवशी रगड. आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, देवचंदला फोन आला.

"पितांबर बोलस. तापीवरून. रूपाचा भाऊ."

"बोला भाऊ," देवचंद म्हणाला.

"मायच्या घशाचं ऑपरेशन झालं डिसेंबरमा. आवाज गया तिना."

"वाईट झालं भाऊ."

"ऐक ना. लांबजवळ कोठेही तुनं गाणं वाजलं, की रूपा येस. दारमा उभी ऱ्हास. पाच वरीस झालं. माय दिवा लावायची, तिसरी हाक द्यायची, मग ती जायची. एका रातीत चार-चार वेळा धाडलंय तिनं. आते माय बोलस नही. आणि ती जात नही. माय रातभर दारात बसलेली असते तिच्यासमोर. झोपत नही, जेवत नही. उद्या आखाजी, आसपास कितीतरी लग्नं... तुनाजोडे ती तिसरी हाक शे का? मायच्या आवाजातली?"

"असेल माझ्याकडं. शोधतो."

"आणि ते गाणं बंद कर, भाऊ. पाया पडस मी तुन्या."

"करतो. शब्द देतो."

फोन ठेवून देवचंदनं खरंच ते गाणं उघडलं. काढायचं बटण दाबलं. नक्की काढायचं का, असं मोबाइलनं विचारलं. खाली आकडा होता, किती लोकांनी ऐकलं त्याचा. देवचंदनं तो वाचला. मग मोबाइल पालथा ठेवला. आल्यावर काढू, म्हणाला.

जुनं मेमरी कार्ड सापडायला संध्याकाळ झाली. नानांकडून त्यानं बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर घेतला, स्कूटीवर पायांमध्ये ठेवला आणि रात्री साडेनऊला निघाला. एकटा. सोनगीर गेलं. नरडाणा फाटा गेला. महामार्गावर गाड्या होत्या, ढाब्यांवर उजेड होता. पूल ओलांडून तो गावाच्या कच्च्या रस्त्याला लागला, तेव्हा अकरा वाजत आले होते. चंद्राची कोर केव्हाच बुडाली होती.

नदीवर पितांबर आणि मंजुळाबाई त्याची वाट बघत होती. काठावर पणती होती. मंजुळाबाईच्या गळ्याला पांढरी पट्टी. हातात कुंकवाचा करंडा. देवचंद पाया पडायला वाकला. तिनं पाय मागं घेतले नाहीत, आणि आशीर्वादाचा हातही ठेवला नाही.

तापीवर काठापासून मध्यापर्यंत जलपर्णी साचली होती. हिरवी, दाट, गोधडीसारखी. वारा नव्हता.

"लाव," पितांबर म्हणाला.

देवचंद कार्ड घालतच होता, तेवढ्यात पलीकडच्या काठावर उद्याच्या लग्नाची वरात सुरू झाली. लांबवर लाल-निळे दिवे. गिटार. त्याचीच गिटार.

फिरी येऽऽ वं रूपाऽऽ...

पाण्यावरून आवाज स्वच्छ येत होता. मग पुलाकडून दुसरी वरात. तिथंही तेच. मग मागच्या गावातून. तीन बाजूंनी, थोडं पुढंमागं.

दिवा लायेल शेऽऽ...

दुसऱ्या हाकेला तिन्हीकडचं संगीत थांबलं. लोक ओरडले. रूपाऽऽऽ.

आणि नदीच्या मध्यावर जलपर्णी हलली.

बाजूला सरली. जराशी. मग तिच्या पुढची. मग तिच्याही पुढची...

एक वाट. काळ्या पाण्याची. एका माणसाच्या रुंदीची.

काठाकडं येत होती. घाई नाही. थांबणं नाही.

"लाव," पितांबर पुटपुटला. "लाव ना..."

देवचंदनं बटण दाबलं. स्पीकरमधून मंजुळाबाईचा सहा वर्षांपूर्वीचा आवाज आला. आते जाय माय. तुले सोडी दिधं.

वाट थांबली नाही.

पुन्हा लावलं. पुन्हा.

वाट काठाला लागली. त्यांच्यापासून पाच हातांवर. थांबली.

पणतीची ज्योत सरळ होती.

मंजुळाबाईनं मान हलवली. नाही. तिनं बोट उचललं, आणि देवचंदकडं केलं.

"माय म्हणस," पितांबर म्हणाला, "तिनी नही बलावलं आते. तू बलावलं. तूच धाड."

"मी?"

"तुन्या तोंडानं."

देवचंद दहा-दहा हजार लोकांपुढं गायलेला माणूस. त्याच्या तोंडातून आवाज फुटेना. समोर नुसतं पाणी... आणि पाच हातांवर कोणीतरी ऐकत उभं.

"आते..." तो म्हणाला. "आते जाय... माय."

पुढं तीनच शब्द होते, तुला सोडलं म्हणून सांगणारे. ते त्याच्या ओठापर्यंत आले. आणि पलीकडच्या काठावर लोकांनी पुन्हा हाक मारली. शेकडो लोक. त्याच्या गाण्यावर. ही गेली तर ते ओरडणंही जाईल, असं त्याच्या मनात आलं. क्षणभरच आलं.

त्यानं तोंड मिटलं.

"पुढं म्हण," पितांबर म्हणाला.

"म्हटलं."

"नही म्हटलं."

"मनात म्हटलं भाऊ."

मंजुळाबाई त्याच्याकडं बघत होती. बोलता येत नसलेली माणसं फार नीट बघतात. मग ती वळली. पाण्यात दोन पावलं गेली. करंड्यात बोट बुडवलं, आणि सासरी निघालेल्या मुलीला लावावं तसं, हवेत, आपल्या कपाळाच्या उंचीला ते टेकवलं.

टेकलं. बोट मध्येच अडलं, जरासं दबलं. देवचंदनं बघितलं.

तिनं हात मागं घेतला. बोट कोरडं होतं. कुंकवाचा कणही नाही.

आणि वाट मिटायला लागली. नदीच्या मध्यापासून. मग इकडं. मग आणखी इकडं. जलपर्णी जुळत जुळत काठापर्यंत आली आणि शेवटची फट काठापाशी मिटली.

"गेली," देवचंद म्हणाला. "गेली ना?"

मंजुळाबाईनं पणती विझवली. ती घराकडं चालू लागली आणि त्या रात्री, पितांबरनं नंतर सांगितलं, ती पाच महिन्यांत पहिल्यांदा झोपली. दारात कोणी नव्हतं.

देवचंदनं स्कूटी वळवली. कच्चा रस्ता चढाचा होता, गाडी ओढत नव्हती. येताना नीट आली होती. स्पीकर तोच, माणूस तोच. त्यानं मूठ पूर्ण पिळली. गाडी रडत रडत चढली.

पूल आला. पुलावर वारा लागतो. त्याला पाठीला वारा लागला नाही.

आरसा त्यानं हातानं बाहेर वळवून टाकला. का, ते त्याला सांगता आलं नाही.

नरडाणा. सोनगीर. तो थांबला नाही. मागं बघितलं नाही. वाटेत एक उशिराची वरात होती, तेच गाणं चाललेलं. रूपाऽऽ, म्हणून लोक ओरडले. देवचंदची गाडी जवळून गेली, आणि बाजूला नाचणारी माणसं एकदम गप्प झाली. त्याच्याकडं बघायला लागली.

त्याच्याकडं नाही. त्याच्या मागं.

नाना थांबले. खाली गल्लीत एक कुत्रं उठलं, अंग झाडलं आणि दुसरीकडं जाऊन बसलं. योगेंद्र कठडा सोडून कधीच चटईवर आला होता.

"मग?" कामिनीनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

मग तो तीन वाजून दहा मिनिटांनी नानांच्या दारात आला. स्पीकर परत करायला. नानांनी त्याला पाणी दिलं. अर्धा तांब्या तो एका दमात प्याला. ओट्यावर बसून त्यानं हे सगळं सांगितलं, जसंच्या तसं, कापलेले तीन शब्दसुद्धा. म्हणाला, "पण ती गेली नाना. मी बघितलं. पाणी मिटलं."

"कोणत्या बाजूनं मिटलं?" नानांनी विचारलं.

"मधून... काठाकडं," देवचंद म्हणाला आणि त्यानं तांब्या खाली ठेवला.

नाना स्पीकर उचलायला बाहेर गेले. स्कूटी दिव्याखाली उभी होती. मागचा उजवा फूटरेस्ट नेहमीसारखा मिटलेला होता. डावा उघडा होता. आपल्याकडं गावच्या बायका गाडीवर एका अंगानं बसतात, दोन्ही पाय डावीकडं.

नानांनी तो पायानं वर ढकलला.

तो मिटेना.